शेवटची ओळ वाचणाऱ्या चालकाला बसवरून उतरवण्याबाबत

प्रति,
मा. विभाग नियंत्रक,
शहर बस सेवा, मुख्य आगार

विषय : मला चालकाच्या जागेवरून तातडीने काढण्याबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : आपल्या कार्यालयाची एकाच तारखेची दोन पत्रे.

महोदय,

१. मी एकवीस वर्षे चालक आहे. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा दुर्मिळ आजार आहे. तो नजर कडेने खात येतो. सहा वर्षांपूर्वी तिन्हीसांजेला रस्ता दिसेना, मग बाजूने चालणारी माणसे दिसेनाशी झाली, आता पाइपातून पाहावे तेवढेच समोरचे उरले आहे. तेही जाणार, असे डॉक्टर सांगतात.

२. त्या पाइपातले मात्र स्वच्छ दिसते. म्हणून आपल्या वैद्यकीय तपासनिसांच्या तक्त्यावरची शेवटची ओळही मी वाचली. कडेची नजर मोजायचे यंत्र चौदा महिने बंद असून त्यावर कर्मचाऱ्यांचे जेवणाचे डबे असतात. "शेवटची ओळ वाचताय, अजून काय पाहिजे?" असे म्हणत त्यांनी प्रमाणपत्रावर 'दृष्टी उत्तम' लिहिले. उठताना मी त्यांच्याच स्टुलाला अडखळलो आणि चहा फायलींवर सांडला. त्याबद्दल 'कार्यालयात निष्काळजीपणे वावरणे' ही ताकीद त्याच दिवशी मिळाली. दोन्ही पत्रांवर सही आपलीच आहे. मला किळस आली, हे नम्रपणे नमूद करतो.

३. आजवर निभावले ते वाहक ताईंमुळे. बस हलताना डावीकडे माणूस असेल तर त्या पत्र्यावर एक थाप मारतात, उजवीकडे असेल तर दोन. हे मी चालवून घेतले, याची मला स्वतःचीही शिसारी येते. गेल्या मंगळवारी शाळेच्या थांब्यावर त्या तिकीट फाडत होत्या, थाप राहिली. दप्तर चाकाखाली गेले. दप्तरवाली मुलगी वीतभर बाजूला होती. येत्या सोमवारपासून ताई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर जात आहेत.

४. आगारप्रमुख म्हणतात, "कागदावर तुमचे डोळे ठणठणीत आहेत. गाडी नाकारलीत तर गैरहजेरी लावीन." तरी मला बस धुण्याच्या कामावर किंवा भांडारात, कुठेही टाकावे. ते जमत नसल्यास सोमवारी सकाळी शाळेच्या थांब्यावर आपण स्वतः बसच्या कडेला उभे राहावे, डावीकडे की उजवीकडे ते मला सांगू नये, आणि मग बस हलवण्याचा हुकूम द्यावा. तोवर मी ती हलवणार नाही.

आपला नम्र,
फक्त समोरचे दिसणारा,
चालक, बिल्ला क्र. ४१७
शुक्रवार, दि. १४

सोबत :
१. 'दृष्टी उत्तम' प्रमाणपत्र
२. ताकीदपत्र
३. दप्तराचा तुटलेला पट्टा
४. बसची किल्ली