कॅमेऱ्यावरची धूळ

४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचले. परवा तुझ्या ऑफिसात माझ्यामुळे जो गोंधळ झाला, त्याची लाज अजून जात नाही. चंद्रावर पाठवायची ती सहाचाकी यांत्रिक गाडी दाखवायला तुम्ही नातेवाइकांना बोलावता काय, आणि तुझी मावशी दोरी ओलांडून थेट तिचं तोंड पुसायला जाते काय! कॅमेऱ्याच्या काचेवर इतकी धूळ दिसली की राहवलं नाही. काढला रुमाल आणि केली लख्ख.

पहारेकरी ओरडत आला तेव्हा कळलं, ती धूळ तुम्हीच मुद्दाम टाकली होती; चंद्रावरच्या धुळीतून गाडीला कितपत दिसतं ते बघायला. कोणाच्या ओळखीने आलात, पास कुठे आहे, असं तो विचारत राहिला. तू आत कामात असशील, उगाच तुला कशाला बोलवा, म्हणून मी म्हटलं, पास हरवला, चुकून शिरले. त्याने फाटकापर्यंत पोचवलं.

तुझ्यावर काही आलं का? खरं कळव. आणि वेळेवर जेव, गाल बसलेत तुझे. वेडी असले तरी तुझीच आहे, लोभ कमी करू नकोस.

तुझी वेंधळी मावशी


१० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मान वर होत नाही. मावशी, मी कामात नव्हते. काचेच्या भिंतीमागे उभी होते, अगदी तुझ्या समोर. साहेबांनी विचारलं, ही बाई कुणाची? सगळे हसले. मीही हसले.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस, टेलिफोन ऑफिसात दुहेरी पाळ्या करून शिकवलंस, आणि मी तुला ओळख दाखवली नाही. इथे बसून चंद्रावरची गाडी चालवणाऱ्या चमूत माझी निवड व्हायची होती, तेवढीच भीती. निवड झाली, तीही त्याच संध्याकाळी. लोक अभिनंदन करायला आले आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

धूळ पुन्हा टाकली, चाचणी पुन्हा झाली, एवढंच नुकसान. काल साहेबांना सांगितलं, ती माझी मावशी. ते रागावले नाहीत. मग त्याच वेळी का नाही बोललीस, एवढंच विचारलं.

उड्डाणाच्या दिवसाचा पास सोबत जोडते. येशील? हवं तेवढं बोल, पण मला टाकू नकोस.

तुझी चिमणी


१७ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आता मीही खरं लिहिते. मला तू दिसली होतीस. तू नजर फिरवलीस, तेव्हाच मी गळ्यातला पास काढून पर्समध्ये कोंबला. त्यावर तुझं नाव होतं. फाटकाबाहेर बसची वाट बघताना रडू नाही आलं. आपण नेसलो होतो ते फार जुनं दिसत होतं का, केस नीट होते का, हेच मनात घोळत राहिलं. एवढं वय झालं तरी! त्याचीच मला जास्त लाज वाटली.

पहिल्या पत्रात थाप मारली ती तुझी सुटका व्हावी म्हणून. तू ती सुटका घेतली नाहीस, हे बरं केलंस.

उड्डाणाला मी येणार नाही. रुसवा नाही गं, पाय उचलत नाही. पास परत पाठवते, कुणाच्या तरी आईला दे. तुझी गाडी सांभाळून चालव. तिथे धूळ बसली तर पुसायला मी नाही, हे ध्यानात ठेव.

काम उरकलं की इकडे ये. मोरीतला नळ गळतोय, बघ तुझ्या शिक्षणाचा काही उपयोग होतो का. शेजारीण विचारत होती, कोण येणार आहे. भाची म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, माझी मुलगी. मग मी ते दुरुस्त केलं नाही.

तुझी,
मावशी