कवितांच्या वहीतला आराखडा

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठणठणीत. तुझा खोकला तिकडच्या हवेत गेला का?

एक नवल सांगतो. आपल्या कारखान्याच्या फरशा घेणारं परदेशी गिऱ्हाईक आता फरशीआधी धूर मोजतं! जास्त कोळसा जाळून भाजलेल्या मालावर त्यांच्या बंदरात जादा कर. धुराला सरहद्द नाही, पण त्याच्यावरच्या कराला आहे, गंमतच की नाही? शाळेत ढगांच्या इतक्या कविता घोकल्या, असला ढग एकाही कवीला सुचला नव्हता.

म्हणून मालकीणबाईंनी परदेशातून निम्म्या कोळशात चालणारी भट्टी आणवली. जुना भट्टीवाला म्हणून मलाही बोलावणं आलं. पहिल्याच खेपेला फरशा तडकल्या. भट्टी बसवणारी इंजिनिअर पोरगी कपाळाला हात लावून बसली.

"आजोबा, तिकडे तर हीच भट्टी झकास चालते!"

"तिकडची माती कोरडी असेल, बाई. आपली ओली आणि हट्टी."

"मग आधी वाळवायची कशावर? त्यालाही कोळसा जाळला तर मिळवलं काय?"

उत्तर मला ठाऊक होतं. तीस वर्षांपासून.

तुझ्या आराखड्यात भट्टीतली गरम हवा धुराड्यात जाण्याआधी कच्च्या फरशांखालून फिरते. तो कागद तू तेव्हाच्या मालकांना द्यायला माझ्याकडे दिलास. 'नाही म्हणाले' असं मी सांगितलं, आणि तू रागानं देश सोडलास. धाकट्या, मालकांनी तो पाहिलाच नव्हता. निम्मा कोळसा म्हणजे निम्मे भट्टीवाले. मी भट्टीवाला होतो, घरात दोन लेकरं होती. फाडायला मात्र हात धजेना. कवितांच्या वहीत ठेवला.

काल तो पोरीपुढे ठेवला. ती कितीतरी वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिली.

"कुणी काढलंय हे?"

"माझ्या धाकट्या भावानं."

"मग त्यांना विचारल्याशिवाय मी एक वीट हलवणार नाही. आणि हा कोपऱ्यातला आकडा?"

हवेच्या वाटेची रुंदी. शाई पसरलीय, वाचता येत नाही. दोन महिन्यांत भट्टी जमली नाही तर कारखान्याला कुलूप. त्या दोन लेकरांतला थोरला आज तिथेच कामाला आहे.

'वापरा' म्हणायचं की 'नाही', तुझा हक्क. शिव्या पानभर लिही. हो म्हणालास, तर आकडा तेवढा सुवाच्य काढ. या खेपेला तुझा कागद मी पोचवीन.

तुझा,
ज्याचा शब्द तू खरा मानलास तो
दादा