मानेवरचा वारा आणि शंभर मीटर केबल

लेस्कोवात्सजवळ,
१५ सप्टेंबर

ती. स्व. देसांका आत्यास,

ल्युबिशाचा वाकून नमस्कार. तुझा बोकड आणि तुझे गुडघे, दोघांच्याही तब्येती बऱ्या असाव्यात. (आधी गुडघ्यांची चौकशी करायला हवी होती, मनावर घेऊ नकोस.) इथे उन्हाळा हटत नाही, लाल मिरच्यांचे ट्रक कारखान्याबाहेर रांगेत उभे आहेत, आणि बाबा बारा दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. बाकी ठीक.

बाबांना कारखान्यातून घरी बसवलं, हे तुला कुणीतरी कळवलंच असेल. ज्याने कळवलं त्याने तिखटमीठ लावलं असणार, म्हणून मुळापासून लिहितो. एप्रिलमध्ये प्रत्येक यंत्राजवळ ते चालवायचे निरोप घेणारा एकेक डबा बसवायचं काम माझ्याकडे आलं. हे डबे केबलने माळेसारखे जोडायचे. पहिल्याने दुसऱ्याला निरोप द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं पार चौदाव्यापर्यंत. आमचे संचालक त्रिफुनोविच या पद्धतीवर खूश, कारण केबल कमी लागते. खोड एकच, मधला एक डबा झोपला की पुढचे सगळे बहिरे. (आजोबांपर्यंत तुझे निरोप असेच जायचे, आणि मध्ये बाबा झोपायचे.) अटही एकच, दोन डब्यांमधली केबल शंभर मीटरच्या वर जाता कामा नये. गेली तर निरोप कधी पोचतो, कधी नाही, आणि कडक उन्हात तर भरवसाच नाही. कागदोपत्री माझ्या सगळ्या केबली अटीत बसतात.

सातवा डबा बाबांच्या मिरच्या भाजायच्या भट्टीपाशी. तो तापू नये म्हणून त्याच्या पेटीत पंखा, आणि पंख्याची हवा नेमकी बाबांच्या मानेवर. आता आडवा वारा लागला की माणूस अंथरूण धरतो, हे मी तुला काय सांगणार? समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या म्हणून तू भरल्या ताटावरून पाहुण्यांना उठवलेलं मी पाहिलंय. बाबांनी तीन दिवस मफलर गुंडाळून काढले. चौथ्या दिवशी पेटीचं बटण बंद केलं. पंखा थांबला, त्याच बटणावरचा डबाही झोपला, आणि आठव्यापासून पुढे सगळा कारखाना ठप्प. मी धावत गेलो.

"बाबा, अहो काय केलंत हे?"

"तुझ्या डब्याला मान नाही. मला आहे."

सगळे हसले, मीही हसलो. पुन्हा बटणाला हात लावणार नाही, असा त्यांनी मला शब्द दिला.

आणि या महिन्याच्या तीन तारखेला भर दुपारी आठवा डबा पुन्हा बहिरा. तो पटांगणापलीकडे बॉयलरपाशी आहे. वाफ थांबली, बरण्या उघड्याच राहिल्या, सकाळपासून भाजलेल्या मिरच्या आंबल्या. त्रिफुनोविचांनी लेखी कारण मागितलं. भट्टी चार मिनिटांच्या अंतरावर, पण कारण मला ठाऊकच होतं, म्हणून खुर्चीत बसूनच लिहिलं, 'पंखा पुन्हा बंद केला गेला असावा.' (बघ, नाव कुणाचंही घेतलं नाही.) त्यांनी बाबांना बोलावून विचारलं,

"स्तानिमिर, पंखा तू बंद केलास?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मफलर सारखा केला. "हो. मानेला वारा लागत होता."

एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन हंगाम उरलेले, तिथेच संपली. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, शब्द मोडला म्हणून रागही आला.

आता ते दिवसभर स्वयंपाकघरात बसतात, दोन्ही खिडक्या सताड उघड्या टाकून. मी एक लावली की उठून पुन्हा उघडतात. आत्या, तुला याचा अर्थ कळेल, मला तर भीतीच वाटते. तू मोठी बहीण, तू एकदा ये आणि त्यांना समजाव. झालेल्या चुकीचा एवढा राग पोरावर धरू नये म्हणावं.

तुझा,
ल्युबिशा

ता. क. पत्र कालपासून टाकायचं राहिलंय. काल दुपारी आठवा डबा पुन्हा बहिरा झाला. या खेपेला मी चालत गेलो. पंखा चालू, सातवा डबा जागा. भट्टीवर आता झोर्का असते. ती म्हणाली, "तीन तारखेलाही पंखा चालूच होता की रे. तुझे वडील दोन मफलर घालून बसले होते."

आणखी ता. क. सात ते आठ ही केबल सरळ नेली असती तर ब्याण्णव मीटर झाली असती. मध्ये संचालकांच्या गाडीची शेड आली, तिला वळसा पडला. केबलवर मीटरचे आकडे छापलेले असतात. ओढताना बॉयलरकडचं टोक बाबांच्या हातात होतं. त्यांनी तिथून ओरडून सांगितलं होतं, "एकशे बारा रे!" मी कागदावर अठ्ठ्याण्णव लिहिलं.

शेवटचं ता. क. आज सकाळी त्रिफुनोविचांना खरं काय ते लिहून देऊन आलो. उद्यापासून बहुधा स्वयंपाकघरात आम्ही दोघं असू. बाबांना मात्र अजून सांगवलेलं नाही. तू ये, आणि त्यांना एवढंच सांग, की त्यांचा आकडा मला तेव्हाच नीट ऐकू आला होता. मग खिडक्या लाव. तुझ्या हातून ते लावू देतील.