घोंगडीवरचे दहिवर

लातूर,
७ मे १९८६

नूतन-लातूर-जनपद-आवकजावक-शाखा-धुरंधर, शिक्का-शाई-टाचणी-समूहाधिपती, ख्रिस्तमंडळीचे ज्येष्ठ वडील, रविवारशाळेचे आजीव प्रधानाचार्य आणि सांप्रत दीड घागर जलाचे सार्वभौम स्वामी श्री. चंद्रप्पा यांजकडून, मुदखेड-रेल्वेवसाहत-निवासिनी कनिष्ठ भगिनी सौ. सिंधु हिस प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

येथील वृत्त यथास्थित. जिल्हा चार वर्षांचा होत आला. दात अद्याप आलेले नाहीत, शिक्के मात्र सतरा आहेत. टँकर एक दिवसाआड दर्शन देतो. तुझ्या वहिनीची प्रकृती बरी आहे. ती माझ्याशी बोलत नाही.

तुझे पत्र पोचले. त्यात दोन मागण्या आहेत. मायची घोंगडी तुला आठवण म्हणून हवी आहे. आणि मायला सोलापूरला का नेले नाही, हे तुला कळायला हवे आहे. घोंगडीविषयी शेवटी लिहितो.

मायच्या निधनाचे कळवताना मी ‘प्रभूची इच्छा’ असे लिहिले होते. ते वाक्य रद्द समजावे.

डॉक्टरांनी सोमवारी स्पष्ट सांगितले होते. आतडे अडकले आहे, आजच सोलापूरला न्या, ऑपरेशन करावे लागेल, मुलाची सही लागेल. मी गंभीर मुद्रा धारण करून म्हणालो, “प्रभूचे मार्गदर्शन घेतो.” अकरा वर्षे मी रविवारशाळेत बायबलातला गिदोन शिकवतो आहे. देवाची इच्छा कळावी म्हणून त्याने खळ्यात लोकर ठेवली आणि देवाने ती रात्रीच्या दहिवराने भिजवून त्यास उत्तर दिले. मजजवळ लोकर नव्हती. मायची घोंगडी घेतली आणि अंगणातल्या फरशीवर पसरली. अट अशी की, सकाळी ओली निघाली तर न्यायचे, कोरडी निघाली तर नाही.

मंगळवारी कोरडी निघाली. मी ती झटकत असता माय बाजेवरून म्हणाली, “चंद्र्या, असल्या दुष्काळात दहिवर कुठलं पडायलंय रं?”

“माय, देवाला काही अशक्य नाही.”

“देवाला कुठं इचारायले मी? तुला इचारायले.”

आपले शेजारी सिद्धलिंगअप्पा, ते आडतवाले, त्याच सकाळी फाटकाशी जीप उभी करून ओरडले, “ओ वडील साहेब! गाडी सोलापूरला चाललीय. अम्माला घाला मागं. तुमच्या देवाला बी जागा हाय, जरा दाटीनं बसंल.” मी त्यांस सांगितले, उत्तराची प्रतीक्षा आहे. बुधवारी ते परत आले. गुरुवारी आले तेव्हा थट्टा केली नाही. नुसते जीपचे मागचे दार उघडून उभे राहिले. तुझी वहिनी कमलम्मा तिन्ही सकाळी कपड्यांचे गाठोडे काखेत घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “अजून कुणी येऊन सांगायचं राहिलंय का?”

घोंगडी तिसऱ्यांदा कोरडी होती. गुरुवारी दुपारी माय गेली.

आता जे लिहायचे टाळत होतो ते लिहितो. ऐन उन्हाळ्यात लातुरात दहिवर पडत नाही, हे मला ठाऊक होते. गिदोनाला उत्तर काय येईल ते ठाऊक नव्हते. मला होते, आणि म्हणूनच मी ती अट घातली. दिवसाकाठी शंभर कागदांवर सही करणारा मी, त्या एका कागदावर सही करायला भ्यालो. ऑपरेशनमध्ये माय गेली असती तर माझ्या सहीने गेली असती. घोंगडीने गेली, तर देवाची इच्छा.

मार्गदर्शन तीन वेळा फाटकाशी आले होते, सिंधु. मी ते नुसते आवक केले.

या रविवारी वर्ग घेतला नाही. पाळकांना कारण सांगितलेले नाही, तुला सांगितले. तू क्षमा करावीस अशी विनंती या पत्रात नाही, कारण ती करण्याचा अधिकार मला कोणत्या पदाने प्राप्त होतो हे मला सापडलेले नाही.

तुझा भाऊ,
चंद्र्या

ता. क. घोंगडीविषयी. शेवटच्या दिवशी ती मायच्या अंगाखाली होती, तेव्हा धुतल्यावाचून पाठवता येत नाही. चार घागरी तरी लागतील. टँकर आपल्याच फाटकाशी थांबतो. पण त्याच्या नळाचे वायसर गेलेले असल्याने निम्मे पाणी रस्त्यावर जाते. मी तीन तक्रारअर्ज केले. तिन्ही माझ्याच टेबलावर आले. त्यांना क्रमांक देऊन वर पाठवले आहेत. वायसर अद्याप बदललेले नाही.