धनेश टायरचा साचा

३ फेब्रुवारी
आज चामोर्शीत माझ्या पंक्चरच्या दुकानात एक ट्रॅक्टर आला. मागचा टायर धनेश. नवाकोरा! वाटलं, जुना पडून राहिलेला माल असेल. आमचा धनेशचा कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली. पण टायरवरची तारीख मागच्या दिवाळीतली.
नावाच्या शेवटच्या अक्षराखाली बोट फिरवलं. ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा. साचा साफ करताना माझीच छिन्नी निसटून तिथं खड्डा पडला होता. एकोणीस वर्षं त्या साच्यावर काढली. म्हणजे साचा तोच.

४ फेब्रु.
टायरवर बारीक अक्षरात दुसऱ्या राज्यातला पत्ता होता. कंपनी भलतीच. धनेश नुसतं वरचं नाव.
आम्हाले सांगितलं होतं, धनेश संपला, साचे भंगारात गेले. सांगणारे मधुभाऊ, आमचे सुपरवायझर. माझं लग्नही त्यांनीच जुळवलं. त्यांच्या शब्दावर राजीनाम्याची पहिली सही मी केली. माझी पाहून बाकीच्यांनी.

९ फेब्रु.
सिंदेवाहीला त्यांच्या घरी गेलो. मधुभाऊ अंगणात पेपर वाचत होते.
"भाऊ, साचे भंगारात गेले म्हणत होते ना?"
पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "कंपनीनं नाव पहिलेच विकलं होतं. साचे म्याच पेट्यांत भरून पाठवले."
"मंग आम्हाले काऊन नाई सांगितलं?"
"सांगतलं असतं तं गेटवर आडवे झाले असते तुम्ही. गाडी निघू देल्ली असती का?"
वहिनींनी चहा आणला. घेतला नाही. त्या घरात पहिल्यांदाच.

११ फेब्रु.
शंकरचा फोन. बाजूच्याच मशीनवर होता तो. टायरचं मीच त्याला कळवलं होतं. फसवून राजीनामे घेतले म्हणून जुने कामगार सगळे वकिलाकडं जाऊन राह्यले. "साचा तोच हाय, हे तुलेच सांगता येते." माझ्यामागची सही शंकरची होती. त्यानं तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

१४ फेब्रु.
मधुभाऊंचा फोन. "कंपनीचं नाव घे, खुशाल घे. माझं नको घेऊ." आवाज म्हाताऱ्या माणसाचा. मी फोन ठेवला.

१७ फेब्रु.
वकिलानं प्रश्नांचा कागद पाठवला. साच्याचं सगळं लिहिलं, छिन्नीचंही. शेवटचा प्रश्न : साचे कारखान्याबाहेर कोणी पाठवले?
तेवढी जागा कोरी आहे. शंकर उद्या सकाळी कागद न्यायला येतो.