डावीकडे एक, उजवीकडे दोन

११ मे, रविवार

मदर्स डे. सकाळी एडमंटनहून ईशाचा फोन. "हॅपी मदर्स डे, आई. बाबा ओके?" ओके. फिजिओ, स्पीच थेरपी, जेवण, झोप. ओकेच म्हणायचं.

दुपारी शेजारचा डोमेनिको आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर लोकांच्या फरश्या बसवून गुडघे गेलेले. जुन्या इटालियन गाड्यांच्या क्लबचा खांब. दारातच उभा. म्हणाला, सप्टेंबरच्या रॅलीची यादी पक्की करतोय, विलासचं नाव काढतो, तुम्ही त्रास घेऊ नका.

वि.नं फॉर्म ऑक्टोबरातच भरला होता. ड्रायव्हर विलास, नेव्हिगेटर मी. वॉनपासून नायगाराच्या द्राक्षमळ्यांपर्यंत, तीन दिवस, हायवे टाळून. शर्यत नव्हेच. थोडं चालायचं, कुठल्या तरी इटालियन कुटुंबाच्या वायनरीत उतरायचं, खायचं, पुढे निघायचं. सहा वर्षं गराजमध्ये फियाट जोडत बसला तो ह्यासाठी. मग नोव्हेंबरात विंटर टायर्स लावता लावता खाली बसला आणि उठलाच नाही. स्ट्रोक. उजवा हात, उजवा पाय, आणि बोलणं.

वि. आतून ऐकत होता. भिंतीकडे बघत होता.

म्हटलं, नाव काढू नका. नुसतं उलटं करा. ड्रायव्हर मी, नेव्हिगेटर तो.

"सिन्योरा, ती गिअरची गाडी आहे."

शिकीन.

"आणि तो…" पुढचं बोलला नाही. बरं केलं.

१३ मे, मंगळवार

ईशाला सांगितलं. सांगायला नको होतं. "आई, बी रिअलिस्टिक. ही कान्ट इव्हन से हिज ओन अ‍ॅड्रेस. आणि तू नेव्हिगेटर करतेस त्याला?"

खरं आहे. पाणी हवं असलं तरी तो "मंगळवार" म्हणतो. लाइट बंद कर, मंगळवार. नागपूरहून भावाचा फोन आला, "जय भीम, दादा," पलीकडून. ह्यानं छान हसून "मंगळवार". भाऊ तिकडे रडला. हा शब्द कुठून येऊन बसला, कोणालाच माहीत नाही.

पण समजतं सगळं. हे मी ईशाला किती वेळा सांगू.

२५ मे, रविवार

पहिला धडा. वेअरहाउसेसच्या मागचं पार्किंग, रविवारी मोकळं. वि. मागच्या सीटवर, डोमेनिको माझ्या शेजारी. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, आपल्याकडच्या जुन्या टॅक्सीत असायचा तसा. तेवीस वर्षं ऑटोमॅटिक चालवून डावा पाय नुसता झोपलेला.

अकरा वेळा बंद पाडली. डोमेनिको दर वेळी "पियानो, पियानो". त्यांच्यात म्हणजे हळूहळू. बाराव्यांदा गाडी उंदरासारखी उडी मारून चालली. मागून टाळीचा आवाज. एका हातानं मांडीवर.

पायात गोळे. ऑफिसात उद्या जिने नको.

१५ जून, रविवार

रस्त्यावर. खऱ्याखुऱ्या. लाल दिव्याला चढावर थांबले, मागे मोठा पिकअप अगदी चिकटून. घाम. हँडब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर… मागे गेले नाही. एक इंचही नाही!!

घरी येऊन डोमेनिकोला भाकरी-ठेचा दिला. डोळ्यांतून पाणी काढत तीनदा घेतला.

३ जुलै, गुरुवार

आज काहीतरी झालं.

क्लबकडून मार्गवहीचं नमुन्याचं पान आलं. मी समजत होते, लिहिलेलं असेल, अमुक रस्त्यावर डावीकडे वगैरे. शब्द वि.ला वाचता येत नाहीत, मुंग्या दिसतात तशी मान हलवतो. पण पानावर शब्द जवळजवळ नाहीतच. छोटी छोटी चित्रं. खाली ठिपका म्हणजे आपण, वर बाण म्हणजे जायचं तिकडे. शेजारी अंतर.

थेरपीला सोबत नेलं. थेरपिस्ट पंजाबी मुलगी, माझ्याशी हिंदीत बोलते. तिनं पान त्याच्यासमोर ठेवलं, टेबलावर खेळण्यातली गाडी ठेवली. वि.नं बोटानं गाडी चालवली. पहिलं चित्र, दुसरं, तिसरं… सगळं पान. एक चूक नाही. ती म्हणाली, "आंटी, ये तो इनकी भाषा है."

डिझाइन ड्रॉइंगवर आयुष्य काढलेला माणूस. माझ्या लक्षात कसं आलं नाही.

अडचण सांगण्याची. "लेफ्ट" म्हणायला सांगितलं तर "राइट" निघतं, किंवा मंगळवार. हातानं दाखवलं तर मी रस्ता बघू की हात? पण तो माझ्या उजवीकडे बसणार, आणि चांगला हात डावा. म्हणजे माझ्याच बाजूचा. ठरलं: माझ्या खांद्यावर एक टिचकी म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. थांब म्हणजे पूर्ण तळवा.

२७ जुलै, रविवार

किंग सिटीच्या बाजूला सराव. टेकड्या, घोड्यांचे फार्म्स. चौदा वळणं, चौदा बरोबर. आइसक्रीम खाल्लं. त्यानं माझं पण संपवलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

डोमेनिकोच्या गराजमध्ये टोमॅटो. दरवर्षी वर्षभराचा सॉस करतो. बायको गेल्यापासून एकटाच. आम्ही मदतीला. वि. एका हातानं हँडल फिरवत होता, दोन तास, थांबेचना. शर्ट लाल.

डोमेनिको मला बाजूला घेऊन: क्लबात काही लोक म्हणतायत, आजारी माणूस, रस्त्यात काही झालं तर जबाबदारी कोणाची? तो लढतोय आमच्यासाठी, पण मला माहीत असावं.

डॉक्टरचं पत्र आणून दिलं की झालं ना? प्रवासाला हरकत नाही असं? झालं, म्हणाला.

सोमवारी डॉक्टर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

निघालो. पंचवीस-तीस गाड्या, बहुतेक लाल, आमची दुधी रंगाची. सगळे मालक टोप्या घालून. एक जण वि.शी हात मिळवायला आला, उजवा पुढे केला. वि.नं डावा दिला. तो गोंधळला, मग दोन्ही हातांनी धरला.

मिल्टनच्या मागचे रस्ते, मग डंडासची उतरण. खांद्यावर टिचक्या. एक. दोन. दोन. एक. मी विचारच करत नव्हते शेवटी, खांदा सांगायचा आणि हात वळायचे. पहिला थांबा एका वायनरीच्या अंगणात, पोर्केत्ता म्हणजे मसाला भरून भाजलेलं डुक्कर, जाड पाव. वाइन सगळ्यांना, मला लिंबूसरबत, गाडी चालवायची म्हणून. वि.ला घोटभर, डॉक्टरनं एवढीच परवानगी दिलेली.

मोटेलवरून ईशाला फोटो पाठवला. उत्तर: "हू इज धिस स्माइलिंग मॅन."

१३ सप्टेंबर, शनिवार

हे नीट लिहून ठेवायचं. टाळायचं नाही.

व्हाइनलँडच्या वरचा चौक. दोन टिचक्या. उजवीकडे. पण समोर डावीकडे वायनरीची पाटी, आणि एक जुनी हिरवी गाडी डावीकडे वळताना दिसली, आपल्यातलीच वाटली. मी म्हटलं, "नाही रे, डावीकडे आहे, बघ ना पाटी." आणि वळले.

दोन टिचक्या. परत दोन. परत. मग डॅशबोर्डवर मूठ. "मंगळवार! मंगळवार!"

"थांब रे जरा, मला दिसून राहिलंय ना!"

हे मी बोलले. ह्याच आवाजात.

हिरवी गाडी एका घराच्या ड्राइव्हवेत शिरली. रॅलीतली नव्हतीच. कोणीतरी आपल्या घरी चाललं होतं. मी तरी पुढेच. वळायला जागा नव्हती म्हणा, किंवा मागे वळायला लाज. चढ. शेजारच्या मळ्यात पाखरं उडवायची गॅसची तोफ धडामकन फुटली, मी दचकले, क्लच सुटला, गाडी बंद. परत चालू केली. रस्ता पुढे एका खडीच्या खाणीच्या बंद फाटकाशी संपला.

इंजिन बंद केलं. वि.नं वही मिटून मांडीवर ठेवली. माझ्याकडे बघेना. एक बोट मात्र मिटलेल्या वहीत, त्याच पानावर. सगळा वेळ त्यानं जागा सोडली नव्हती.

दहा महिने मी सगळ्यांना सांगतेय, त्याला समजतं. डॉक्टरला, ईशाला, क्लबला पत्र आणून. आणि मलाच…

म्हटलं, "विलास, चुकलं माझं. तुझं बरोबर होतं." "मला रस्ता माहीत नाही. परत ने मला."

मळ्यात तोफ दोनदा फुटली. मग त्यानं वही उघडली. आणि उलटी धरली. खालचं वर. मला आधी वाटलं, रागानं. नाही. जिथून चुकलो तिथवर मागे जायचं, तर चित्रंही मागून वाचायला हवीत. त्यानं वही फिरवून बोट ठेवलं, आणि मला पूर्ण पटलं की ह्या गाडीत रस्ता ठाऊक असलेला माणूस एकच आहे.

चौकापर्यंत आणलं. तिथं वही सुलटी केली. टिचकी नाही, बोट समोर. उलट बाजूनं आलो, म्हणून आता तेच वळण सरळ… काढा चित्र, मग कळतं. मी काढलं नाही. सरळ निघाले.

जेवणाला तासभर उशीर. सगळे टेबलांवर, गोड खाणं चाललेलं, वाइनमध्ये बुडवलेल्या पीचच्या फोडी. डोमेनिकोनं आमचा पास्ता झाकून ठेवला होता. "काय झालं? गाडी?" कोणीतरी वि.कडे बघून मान हलवली. दिसलं मला.

उभी राहिले. मोठ्यानं सांगितलं, इंग्लिशमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं: गाडी उत्तम आहे. नेव्हिगेटर बरोबर होता. ड्रायव्हरनं ऐकलं नाही.

हसले लोक. वि. हसला नाही. पास्ता खात होता. पण माझ्या ताटातली पीचची फोड उचलली त्यानं.

१४ सप्टेंबर, रविवार

शेवटचा दिवस. नदीकाठचा रस्ता, डावीकडे सगळे मळे, उजवीकडे झाडांतून हिरवं पाणी. द्राक्षं तोडणीला आलेली. आंबूस-गोड वास काच खाली केली की आत. एकही चूक नाही. त्याची नाही, माझी नाही.

शेवटी नायगारा-ऑन-द-लेकजवळ तंबूत जेवण. तीन तास चाललं. पोचण्यात आमचा नंबर शेवटून दुसरा. शेवटचा जो होता तो वाटेत झोपला होता म्हणे.

मग हे. सगळे निघाले, मी किल्ली घेऊन गाडीकडे आले, तर वि. ड्रायव्हरच्या दाराशी. काठी दाराला टेकवून डावा हात आत घालून स्टीअरिंगवर. मी म्हटलं, "काय रे?" त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग स्टीअरिंगवर. मग परत छातीवर.

मी म्हटलं, चल, उशीर होतोय.

येताना टिचक्या नव्हत्या. रस्ता मला माहीत होता तसाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लायसन्स स्ट्रोकनंतर लगेच सस्पेंड झालंय. परत हवं तर तपासणी करतात. आधी नजर, रिअ‍ॅक्शन, मग रस्त्यावर. ऑटोमॅटिक गाडी, अ‍ॅक्सिलरेटर डाव्या पायाला बसवलेला. हे त्यानं आयपॅडवर शोधून माझ्यासमोर धरलं. कसं शोधलं? चित्रं बघून. डाव्या पायाच्या पेडलचा फोटो.

म्हटलं, विचार करू.

त्यानं आयपॅड हलवला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

ईशाला फोन केला. मला वाटलं, ती तरी नाही म्हणेल. "लेट हिम ट्राय, आई. तू पण तर ट्राय केलंस." मी म्हटलं, माझ्या चुकीनं आम्ही खाणीच्या फाटकापर्यंत गेलो. त्याच्या चुकीनं समोरचा माणूस मरू शकतो. ती म्हणाली, "देन दे विल फेल हिम. दॅट्स देअर जॉब. नॉट युअर्स."

गेल्या शनिवारी मी ऐकलं नाही आणि चुकले. म्हणून आता ऐकायचंच, असं गणित नाही होत. रस्ता समजणं वेगळं, अचानक समोर आलेला बॉल बघून ब्रेक मारणं वेगळं. उजवीकडचं त्याला कधी कधी दिसत नाही, ताटातली उजवी बाजू तशीच राहते. हे मी पाहते, रोज. तपासणीवाल्यांना एका तासात दिसेल का?

आणि दुसरं. लिहून टाकते. मला ती सीट सोडायची नाही. एकोणसाठाव्या वर्षी कमावलेली. ह्याच्यात भीती किती आणि हा हट्ट किती, मला वेगळं काढता येईना.

२४ सप्टेंबर, बुधवार

फॉर्म भरला. पत्ता, जन्मतारीख, आजार मी लिहिलं. सही त्यानं केली, डाव्या हातानं, दहा मिनिटं लागली. माझ्यासाठी एक रकाना आहे: घरच्या व्यक्तीचं निरीक्षण. वाहन चालवण्याबाबत काही चिंता असल्यास लिहा.

ताटाचं लिहायचं का?

वि. समोर बसून आहे. मी काय लिहिते ते त्याला वाचता येणार नाही, आणि हे त्याला माहीत आहे. तरी बघतोय. पेनाकडे नाही, माझ्याकडे.

लिहिलं. जसं आहे तसं. ताट, उजवी बाजू, सगळं. आणि खाली, जागा नव्हती तर कडेनं: तीन दिवसांत ह्यानं मला एकदाही चुकीचा रस्ता दाखवला नाही.

मग त्याला सगळं वाचून दाखवलं. ताटाचं वाक्यही. तिथं त्याचा चेहरा… पण फॉर्म ओढून घेतला नाही. स्वतः घडी घातली, पाकिटात घातला.

तारीख आली की कळेल. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे, आत्ता चालत गेला टाकायला. एकटा. मी खिडकीत नाही उभी राहिले.