सात वाजताचा कुकारा

मेलिनकेरी, सिद्दापूरजवळ
१९ नोव्हेंबर

चि. तारिणीस आयीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. सुपारी उतरवायला सुरुवात झालीय, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. तुझ्या अप्पय्यांचा गुडघा दुखतो, पण झाडावर चढणाऱ्याला खालून अक्कल शिकवायला गुडघा लागत नाही, त्यामुळे त्यांचा दिवस मजेत जातो. तुझ्यासाठी उसाच्या रसाचे पातळ तोडदेवू केलेत. बंगळूरला जाणारं कुणी भेटलं की पाठवीन. वाटेत चुरा झाला तर मला बोलायचं नाही.

फोन असताना आयीला पत्राचं खूळ कुठून आलं, म्हणशील. फोनवर तू फार भराभर बोलतेस. मला जे सांगायचंय ते मध्येच तोडलंस, तर पुन्हा सांगायचा धीर होणार नाही.

परवा दुपारी चार शब्द बोललीस, पण किती आनंदात होतीस. आपल्या वाडीतल्या पाच घरांना टेकडीवरून एकच इंटरनेटची लाइन येते. ती वाटून देणारा तुझा डबा महाबलाच्या माडीवर आहे. पूर्वी एकाने काही लावलं की दुसऱ्याचं अडायचं, डबा आल्यावर पहिले काही दिवस सोडले तर वर्षभर कुणाचंच अडलं नाही, म्हणालीस. तुझ्या नियमाने सगळ्यांना सारखा वाटा मिळाला. सर खूश झाले. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा आणि संक्रांतीला घरी, चांगली महिनाभर. मी लगेच देवापुढे तुपाचा दिवा लावला. मग त्या दिव्याकडे बघता बघता लक्षात आलं.

पुट्टी, तुझ्या डब्यावर वाटण्या करायची वेळच आली नाही गं. वाटण्या आम्हीच करत होतो.

डबा बसवलास त्याच महिन्यात शेजारच्या गणपतीभावाला झटका आला आणि वाचा गेली, हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. मंगळूरच्या एक बाई त्याला रोज संध्याकाळी सातला फोनवर समोर बसवून बोलायला शिकवतात. ओठ कसे मिटायचे, जीभ कुठे लावायची, ते दिसावं लागतं. पहिल्या आठवड्यात चित्र सारखं अडकायचं, आणि तो बिचारा तोंड उघडं टाकून बसून राहायचा. यमुनक्का आमच्या ओट्यावर येऊन रडली. "नवरा माझा, आणि शिकवणी तुमच्या घरातल्या सिनेमावर अवलंबून," म्हणाली.

तेव्हा मीच म्हटलं, मुय्याळू करू. सुपारी सोलायला एकमेकांकडे सावडीनं जातोच की आपण. तेव्हापासून सात वाजले की यमुनक्का अंगणातून 'कूऽऽ' असा कुकारा घालते आणि बाकीची चारही घरं आपापलं बंद करतात. अप्पय्यासुद्धा. यक्षगानातला राक्षस मरायला टेकलेला असला तरी बंद करतात, आणि उरलेली लढाई मला करून दाखवतात. मग सगळ्यांनाच सवय लागली. महाबलाच्या मुलीची परीक्षा असली की तिचा कुकारा, सुब्रायाच्या मुलाचा मस्कतहून फोन आला की त्याचा.

आधी का नाही सांगितलं? तूच बजावून गेलीस, "डबा आहे हे विसरा, नेहमीसारखं वागा." आम्ही नेहमीसारखंच वागलो. यात सांगण्याजोगं काही आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता दुसरं. तुझीही फोनची वेळ सातचीच. साधा सिग्नल आपल्या दरीत फिरकतही नाही, तुझा फोनही त्याच लाइनवरून येतो. मी वर्षभर "लाइन खराब आहे" म्हणत राहिले, आणि तू परवा म्हणालीस, "लाइन चांगली आहे आयी, मला इथे दिसतंय. त्या स्थळाला नाही म्हटलं म्हणून तूच रुसलीस." लेकीची वेळ शेजाऱ्याला देऊन टाकली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं असतं, तर हातातलं काम टाकून दुपारी फोन करत बसली असतीस. स्थळाचा राग केव्हाच गेला. त्या मुलाचे कान तसेही मोठे होते.

हे पत्र चुलीत घालावं असं मनात येऊन गेलं. कोण सांगणार होतं तुझ्या सरांना? तू संक्रांतीला आली असतीस. पण त्या प्रबंधावर तुझं नाव असणार, आणि उद्या दुसऱ्या एखाद्या वाडीत त्याच भरवशावर डबा बसवतील. तिथली यमुनक्का कुणाकडे रडायला जाईल? पंक्तीत सगळ्यांना सारखं वाढलं तरी आजाऱ्याला मऊ भात वेगळाच लागतो, एवढं मला कळतं. ते यंत्राला कसं शिकवायचं, ते तू बघ.

वाडीत सगळ्यांशी बोलले. सोमवारपासून आम्ही तुझ्यासाठी वाईट वागणार आहोत. ज्याला जेव्हा हवं तेव्हा लावेल, कुकारा नाही, काही नाही. महाबलाचं घर तर आतापासूनच फुरफुरतंय. फक्त सातची वेळ सोडून. ती मागू नकोस. आणखी वर्ष लागलं तर लागू दे. मी कुठे जात नाही.

हे सगळं ऐकत गणपतीभावा कोपऱ्यात बसला होता. उठून निघाले तर त्याने माझा पदर धरला. कितीतरी वेळ ओठ जुळवत राहिला आणि म्हणाला, "ता... रि... णी." मग बोटाने स्वतःची शिकवणी पुसून टाकल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

म्हणून या शनिवारी त्याला सुट्टी. सातला बाकीची चारही घरं बंद, फक्त आपलं चालू. कुकारा तो स्वतः घालणार आहे. कालपासून अंगणात उभा राहून सराव करतोय, आणि यमुनक्का दाराआड उभी राहून ऐकतेय.

सात वाजता फोन कर. मी उचलेन.

तुझी वाट बघणारी, पण तुला घाई न करणारी,
आयी